नंदूचा दमा

औरंगाबाद शहराच्या पाट्यांवरचं नाव बदललं त्या साली, म्हणजे दोन हजार तेवीस साली, ही गोष्ट घडली. पाट्या बदलायच्या जरा आधीच. संक्रांत होऊन गेली होती, तिळगुळाचा चुरा डब्याच्या तळाशी उरला होता, आणि पडेगावात सकाळी अशी थंडी पडत होती की नळाखाली हात धरवत नव्हता. आवडाबाई चहाची गाळणी झटकायला स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी आली आणि तिथंच थबकली. पाण्याच्या टाकीआड तिची भाची उभी होती. राजनंदिनी, घरातली नंदू. अंगावर शाल, केस तसेच, आणि मुठीत बोटभर लांबीचं काहीतरी जांभळं. नंदूनं ते तोंडाला लावलं, खोल ओढलं, डोळे मिटले आणि श्वास आत धरून ठेवला. मग हळूच सोडला. थंडीत सगळ्यांच्याच तोंडातून निघते तशी वाफ निघाली, नंदूची जरा जास्तच. जळल्याचा वास नव्हता. पिकल्या फळासारखा कसलातरी वास आला आणि गेला. पोरांच्या औषधात हल्ली असले वास घालतातच.

तो धरून ठेवलेला श्वास आवडाबाईनं ओळखला. दम्याचा पंप ओढला की औषध आत धरायचं असतं, लगेच सोडलं तर वाया जातं. तिनं सगळा जन्म तेच केलं होतं. पोरीला दमा आहे, ती मनात म्हणाली. त्या वाक्यापाठोपाठ भीती यायला हवी होती, ती आलीही. पण भीतीच्या मागून, दबकत, आणखी काहीतरी आलं, आणि गाळणी हातात धरून ती त्याच्याकडे बघत राहिली. ते सुखासारखं होतं. या घरात भाऊ आप्पासाहेब, भावजय कृष्णाबाई, येणारेजाणारे, सगळे तिला जपत. आप्पासाहेब तर तिच्या दम्यापायी सिगारेट ओढायला अंगणातल्या लिंबाखाली जात, पावसातसुद्धा. पण छाती आवळून येते तेव्हा माणूस किती एकटं असतं, हे त्यांच्यातल्या कुणाला ठाऊक नव्हतं. आता एकजण होती. असं वाटणं बरं नव्हे, तिनं स्वतःला बजावलं, आणि आत जाऊन चहात आलं जरा जास्तच किसून टाकलं.

तिच्या वेळी पंप कुठला? कन्नडकडच्या त्यांच्या गावात दम्याला धोतऱ्याची पानं होती. वाळवायची, चुरायची, टेंभुर्णीच्या पानात वळून बिडीसारखी ओढायची. आधी आजी वळून द्यायची. मग वडील तिला औरंगाबादला, शहागंजातल्या एका हकीमाकडे घेऊन आले. दुकानात बरण्या, गुलकंदाचा वास, बाहेर टांग्यांचा खडखडाट. हकीमानं तिच्या पाठीला कान लावला आणि तसल्याच बिड्यांचा पुडा दिला. "बेटी, धुवाँ अंदर रोकना. जल्दी नक्को छोडना," तो म्हणाला होता. तिनं दुकानातच एक ओढून बघितली. घशाला आग लागली, खोकला आला आणि मग, वडील घाबरून उठत होते तेवढ्यात, छातीवरचा दगड कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. तोंड कोरडं पडलं. डोळ्यांपुढं उजेड पसरला, रस्त्यावरच्या माणसांच्या कडा विरघळल्या. घरी येईपर्यंत ती हसत होती. त्या धुराची तिला गोडी लागली होती, हेही खरं. दम लागलेला नसतानासुद्धा एखाद्या दिवशी तिला बिडी आठवायची. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं कुणी नव्हतंच.

लग्न ठरलं तेव्हा आईनं पुडा तिच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या तळाशी ठेवला आणि दार लावून घेतलं. "काय वाट्टंल ते म्हण, पन दमा म्हनू नको," आई म्हणाली. "धाकटीचं व्हायचंय अजून." मळणीचे दिवस आले. खळ्यावर ज्वारीचा भुसा उडायचा, सासू म्हणायची वारा चांगला आहे, आणि आवडीला वाटायचं हा वाराच आपला जीव घेणार. ती गोठ्याआड जायची. एके दिवशी सासूनं बघितलं. सून भिंतीला टेकून, डोळे मिटून, बिडी ओढतेय. त्या घरातले सगळे पुरुष बिड्या ओढत होते, सासराही, नवराही. पण सून! सासूनं आरडाओरड केली नाही. लेकाला बोलावून दाखवलं. नवऱ्यानं विचारलं, "कामून ओढतीस?" एका शब्दाचं उत्तर होतं. ते तिच्या जिभेवर आलं, धाकटीचं तोंड डोळ्यांपुढं आलं, आणि ती म्हणाली, "सवय हाय." दिवाळीला माहेरी आणून सोडली ती परत कुणी न्यायला आलं नाही. मग वडिलांनी पडेगावला जमीन घेतली, आवडी बालवाडीची बाई झाली, धाकटीचं लग्न चांगल्या घरी झालं, आणि पोरांना बडबडगीतं शिकवता शिकवता तिचे केस पिकले. घरातल्या पुढच्या पिढीला एवढंच सांगितलं गेलं की आत्याचं तिकडं जमलं नाही.

त्या सकाळनंतर ती नंदूवर लक्ष ठेवू लागली. नंदू पुण्याहून महिनाभरासाठी आली होती, घरात बसून लॅपटॉपवर काम करायची, आणि तिला बघायला रविवारी पाहुणे येणार होते. टाकीकडच्या फेऱ्या वाढल्या होत्या. अधूनमधून कोरडा खोकला, घसा खाकरणं, सारखं पाणी पिणं. आवडाबाईला प्रत्येक खूण ओळखीची वाटली. शुक्रवारी दुपारी कृष्णाबाई झोपली होती तेव्हा ती नंदूच्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेवर बसली.

"मी बघितलं तुला. टाकीमागं."

नंदूचा चेहरा उतरला. "आत्या, प्लीज. आप्पांना नको सांगू."

"नाय सांगत. कधीपासून हाय?"

"पुण्याला गेल्यापासून."

"हवाच तसली तिथली."

नंदूनं जरा चमकून बघितलं. "तू रागावली नाहीस?"

"रागवायचं काय त्यात, येडी का तू? थंडीत जास्त लागतं का?"

"टेन्शन आलं की लागतं. आता हे रविवारचं आहे ना."

"लागायचंच," आवडाबाई म्हणाली. जीव घाबरला की छाती आवळते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिनं नंदूच्या पाठीवरून हात फिरवला. पाठ उबदार होती, आत श्वास गुळगुळीत चालला होता, शीळ नाही, घरघर नाही. औषध लागू पडतंय चांगलं, तिला वाटलं. "लपून घेऊ नको गं," ती म्हणाली. "लपवण्यानं माणूस खंगतं."

"तू लई भारी आहेस आत्या," नंदू म्हणाली आणि तिला बिलगली. तिच्या केसांना तोच फळाचा वास होता.

शनिवारची रात्र आवडाबाईनं कूस बदलत काढली. आपल्या आईनं दार लावून घेतलं होतं तसं कृष्णाबाईही घेणार. मग कुठल्यातरी परक्या घरात ही पोर बाथरूमचा नळ सोडून पंप ओढणार. एखाद्या दिवशी सापडणार. हे होऊ द्यायचं नाही. सोयरीक मोडली तर आज मोडेल, चहा पिताना मोडेल. नांदायला गेल्यावर मोडते तेव्हा तिचा आवाज आयुष्यभर ऐकू येतो. पहाटेपर्यंत तिचं ठरलं होतं, आणि ठरल्यावर तिला इतका मोकळा श्वास आला की पंप घ्यावा लागला नाही.

पाहुणे आले. मुलगा सुयश, वाळूजच्या कारखान्यात इंजिनिअर, चष्मेवाला, पायांत पॉलिश केलेले बूट. सोबत त्याची आई, ऐसपैस बाई, आल्या आल्या पदर खोचून कृष्णाबाईला म्हणाली, "पोह्यात शेंगदाणे नका घालू बाई, माझी दाढ दुखायली." मामा होते, ते आप्पासाहेबांबरोबर बाहेर लिंबाखाली सिगारेट ओढून आले. जमिनीचं बोलणं झालं, दौलताबाद रोडवरच्या जागेच्या भावांचं झालं. नंदू चहा घेऊन आली, बसली, हसली. सगळं सुरळीत चाललेलं आवडाबाईला दिसत होतं. याच क्षणी बोलायला हवं, नाहीतर पुढं जीभ रेटणार नाही. तिनं कप खाली ठेवला.

"एक सांगायचं राहिलं," ती म्हणाली. "आमच्या पोरीला दमा हाय. पंप घेती ती. तुमाला आधीच ठावं असलेलं बरं."

आप्पासाहेबांच्या हातातला चमचा बशीवर वाजला. "अक्का, काय बोलायलीस? दमा तुला आहे, तिला कुठला?"

"वन्सं, तुम्ही आत चला बरं," कृष्णाबाई उठली.

पण सुयशची आई शांत होती. तिनं आवडाबाईकडं नीट बघितलं, दुसऱ्या बाईला बाई बघते तसं. "माझ्या सासूला होता दमा," ती म्हणाली. "चांगली नातवंडं खेळवून गेली म्हातारी. औषध घेतं ना लेकरू वेळच्या वेळी? मग झालं की. तुम्ही सांगितलं, हे लई चांगलं केलं."

आवडाबाईचे डोळे भरून आले. इतकं सोपं होतं हे! इतक्या वर्षांपूर्वी त्या गोठ्याआडसुद्धा कदाचित इतकंच सोपं असेल, कोण जाणे. ती नंदूकडं वळली. नंदू पांढरी पडली होती.

"मला दमा नाही," नंदू म्हणाली.

"नंदे, आता कामून लपवतीस? त्या काय म्हणाल्या ऐकलंस ना?"

"आत्या, खरंच नाही. गैरसमज झालाय तुझा."

आवडाबाईला ते ऐकू आलं, पण तिच्या कानांत आईचा आवाज होता. पोरीच्या तोंडून आईच बोलतेय, दमा म्हनू नको. ती उठली, नंदूच्या खोलीत गेली, उशीखाली हात घातला आणि ती जांभळी वस्तू आणून चहाच्या ट्रेमध्ये, साखरेच्या भांड्याशेजारी ठेवली. "हा बघा. यात वाईट काय हाय? हजार लोकं घेत्यात."

 सुयश पुढं वाकला, चष्मा सावरला आणि त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. ते हसू त्यानं गिळलं, आणि बऱ्याच हळू आवाजात, तिला लागू नये असं, तो म्हणाला, "मावशी, हा पंप नाहीये."

"मग काय आहे?" त्याच्या आईनं विचारलं. मामांनी पंख्याकडं बघितलं.

"सिगारेट आहे," नंदू म्हणाली. "बॅटरीवरची. धूर नसतो, वाफ असते. मी ओढते."

सुयशच्या आईनं कप ट्रेमध्ये ठेवला, त्या वस्तूपासून जरा लांब. "दमा चालला असता हो," ती कृष्णाबाईला म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, हळहळच होती. मग ती दाढेवर हात ठेवून उठली.

गाडी फाटकाबाहेर गेल्यावर आप्पासाहेब अंगणात आले आणि लिंबाखाली सिगारेट पेटवून ओरडू लागले. घराण्याची अब्रू, शिकवलं ते चुकलं, पुण्याला पाठवलं ते चुकलं. "या असल्या गोष्टी ओढायच्या पोरीच्या जातीनं? सरकारनं बंदी घातलीय त्याच्यावर!"

"तुमच्या हातात काय आहे आप्पा?" नंदू पायरीवरून म्हणाली. "माझ्यात निदान जळत काही नाही. राख नाही, धुराचा वास नाही. आत्याच्या शेजारी बसून ओढली असती तरी तिला कळलं नसतं."

"बघा! बघा जीभ!" कृष्णाबाई रडत म्हणाली, आणि मग आवडाबाईकडं वळली. "आणि वन्सं, तुम्हाला कुणी सांगितलं होतं? चांगलं बसलं असतं सगळं."

आवडाबाई पदर सावरून घरात गेली. ती आतल्या खोलीत, पलंगावर, भिंतीकडं तोंड करून बसली. पोरीला दमा नाही. तिनं ते वाक्य पुन्हा म्हणून बघितलं. देवापुढं साखर ठेवायला हवी होती. पण आत काहीतरी ओस पडलं होतं, तीनचार दिवस कुणी राहून गेलेल्या खोलीसारखं. आणि मग, बऱ्याच उशिरा, त्या रिकाम्या जागी राग आला. तो अब्रूचा राग नव्हता. देवानं जिला धड छाती दिली, जिच्या पाठीला हात लावला तर आत नुसती झुळूक लागते, ती पोर थंडीत टाकीआड उभी राहून त्या छातीत काय भरत होती? एकेका श्वासासाठी आपण उशीवर ओणवं होऊन पहाटेची वाट बघितली. जिला फुकट मिळाला ती तो असा उधळते. हा राग इतका मोठा होता की ती स्वतःच त्याला घाबरली, आणि तेवढ्यात तिला शहागंजातला तो उजेड आठवला, विरघळलेल्या कडा, घरी येईपर्यंतचं हसणं, आणि दम नसतानाही आठवणारी बिडी. राग जिथं होता तिथंच राहिला. पण त्याचं टोक बोथट झालं.

महिन्याच्या तपासणीला नंदूच तिला गाडीवर घेऊन गेली. घरात दोघींशीही कुणी नीट बोलत नव्हतं, त्यामुळं त्या दोघी एकमेकींच्या वाट्याला आल्या होत्या. छातीचे डॉक्टर वयस्कर होते, आवडाबाईला ताई म्हणत. नंदूनं सरळ विचारलं, सिगारेटपेक्षा हे कमी वाईट ना?

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. "सिगारेट जळते, डांबर आत जातं, ते यात नाही. खरं आहे. पण ओढल्यावर लगेच तुझ्याही श्वासनळ्या जरा आवळतात, आतून लाल होतात, कोरडा खोकला येतो, छाती धडधडते. येतो ना खोकला? थोड्या वेळानं जातं. जातं म्हणूनच पुन्हा ओढावंसं वाटतं."

"म्हणजे थोड्या वेळापुरतंच."

"आज सांगता येतं ते एवढंच, पोरी. सिगारेट पुढं काय करते ते आम्हाला म्हाताऱ्या माणसांच्या छात्यांनी शिकवलं. तुझ्या या वस्तूवर अजून कुणी म्हातारं झालेलं नाही."

घरी आल्यावर नंदूनं आवडाबाईची फुंकायची नळी मागितली. दमेकरी माणूस श्वासाचा जोर मोजायला फुंकतं ती, हिरवा, पिवळा, लाल पट्टा असलेली. आवडाबाईनं आधी स्वतः फुंकली. काटा पिवळ्यात अडकला. नंदूनं फुंकली आणि काटा हिरव्याच्याही वर गेला. मग ती टाकीआड जाऊन आली, खोकली, पुन्हा फुंकली. काटा पुन्हा हिरव्यात. "बघ," ती म्हणाली. "काही नाही झालं."

"दमा लागायच्या आधी मी पन गावातल्या सगळ्या पोरींच्या पुढं पळायची," आवडाबाई म्हणाली. "माझा काटाबी असाच आला असता."

आणि मग तिनं सांगितलं. पुडा, ट्रंक, मळणी, गोठा, सासू, नवऱ्याचा प्रश्न. पहिल्यांदाच कुणाला तरी सगळं, क्रमानं. नंदू नळी मांडीवर ठेवून ऐकत होती.

"थांब. म्हणजे तुला दमा होता, आणि तू बिड्या ओढतेस म्हणून तुला परत पाठवलं?"

"व्हय."

"आणि माझं दम्यावर जमत आलं होतं!"

 आधी नंदूला हसू फुटलं, मग आवडाबाईला. कृष्णाबाईनं दारातून डोकावून बघितलं आणि तोंड फिरवून निघून गेली, त्याचं आणखी हसू आलं. हसता हसता आवडाबाईच्या छातीत शीळ वाजली. शीळ चढत गेली. तिनं पलंगाची कड धरली, खांदे वर ओढले, गळ्याच्या खाली खड्डा पडला, भरला, पडला. बोलता येईना. तिनं कोनाड्याकडं बोट केलं. नंदूनं धावत जाऊन पंप आणला, हलवला, तिच्या तोंडाशी धरला, आणि इतक्या जवळून, नाकाला नाक लागेल इतक्या जवळून, तिनं आत्याचे डोळे बघितले. त्या डोळ्यांना नंदू दिसत नव्हती. त्यांना काहीच दिसत नव्हतं, ते फक्त हवा शोधत होते. शीळ ओसरायला वेळ लागला. ओसरली तरी नंदूनं पंप हातातून सोडला नव्हता.

"रोज होतं असं?"

"नाय गं. आज लई हसले."

त्यानंतर नंदूनं तडकाफडकी काही सोडलं नाही. तसं कुणी सांगितलं तर आवडाबाईच आधी हसेल. महिना संपल्यावर ती पुण्याला गेली. सोडलं, परत धरलं, पुन्हा सोडलं, असं फोनवरून कळत राहिलं, आणि खोटं बोलायची गरज नसल्यानं ते सगळं खरंच असावं. सुयशचं त्याच उन्हाळ्यात जालन्याच्या मुलीशी लग्न झालं. त्याच्या आईनं आवडाबाईला आवर्जून पत्रिका पाठवली, नुसती तिलाच. कृष्णाबाईनं अबोला धरला तो आखाजीच्या सणापर्यंत, मग पुरणपोळीला वेलदोडे किती घालायचे ते विचारायला ती आपणहून आली. आप्पासाहेबांनी नंदूची ती जांभळी वस्तू जप्त करून कपाटात ठेवली होती. कशी असते ते बघू म्हणून त्यांनी एकदा ओढली, आणि आता ते कुणाकुणाकडून तसली आणवतात, सिगारेट कमी करायला म्हणून. सिगारेटही कमी झालेली नाही. लिंबाखालून पूर्वी एका तऱ्हेचा खोकला यायचा, आता दोन तऱ्हांचा येतो. डॉक्टर गेल्या वर्षी निवृत्त झाले.

आवडाबाई आहे. रविवारी संध्याकाळी नंदूचा फोन येतो. मागच्या महिन्यात तिच्या इमारतीतली लिफ्ट बंद होती, ती भाजीची पिशवी घेऊन जिना चढत बोलत होती, साहेबाबद्दल, घरभाड्याबद्दल, आणि मधेच म्हणाली, "आत्या, थांब हां एक मिनिट. दम लागला." चार मजले चढून कुणालाही लागला असता. आवडाबाईनं विचारलं नाही. फोन कानाशी घट्ट धरून ती पुण्यातल्या त्या जिन्यावरचा श्वास ऐकत राहिली. तो भरभर येत होता, मग जरा सुटा, मग सावकाश. पूर्ण सावकाश झाल्याची खात्री पटली तेव्हा ती म्हणाली, "हं. बोल आता. भाजी कसली आणलीस?"